नाक्यावरून दिसणारा जर्मनी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हिंगोलीहून वाशीमकडे निघालं, की पैनगंगेच्या परिसरात कनेरगाव नाका हे गाव लागतं. गावाच्या नावातच नाका आहे. आजच्या मुलांना नाका म्हटलं की टोलनाका आठवतो, नाहीतर चार टपऱ्यांचा चौक. जुन्या माणसांच्या बोलण्यात मात्र नाका म्हणजे करोडगिरीचा नाका, जकात वसूल करणारा.

१९४८पर्यंत या रस्त्यावर दोन राजवटींची हद्द होती. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, त्यातला परभणी जिल्हा आणि त्यातलं हिंगोली. पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड प्रांत, त्यातला अकोला जिल्हा आणि वाशीम. गंमत अशी, की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच होता. १८५३ साली तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १९०२च्या करारानं कायमच्या भाडेपट्ट्यावर दिला गेला. १९३६ साली निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवीसुद्धा मिळाली. पण माल हद्द ओलांडायला लागला, की पदव्या उपयोगाच्या नसत. तिथं जकातच भरावी लागे. १८०२च्या व्यापारी तहात तिचा दर शेकडा ५ ठरला होता. नाणंही निराळं होतं. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार, आणि साधारण ७ हालीला ६ कलदार असा हिशेब. भाषा दोन्हीकडे मराठी. सोयरिका, बाजार, जत्रा सगळं एकमेकांत गुंतलेलं. फक्त मधे नाका.

तुम्ही म्हणाल, बोलायचं आहे जर्मनीवर आणि हे गृहस्थ कनेरगावातच अडकले. पण मी अनेक वर्षं याच भागातल्या मुलांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. माझा अनुभव असा, की या मुलांना जर्मनी समजावून द्यायचा असेल तर बर्लिनपासून सुरुवात करू नये. नाक्यापासून करावी.

आमच्या पिढीला शाळेत जर्मनी भेटला तो दोन महायुद्धांच्या धड्यांतून. पुढे एनसीईआरटीच्या २००६च्या नववीच्या पुस्तकात नाझीवादावर एक चांगला, सविस्तर धडा आला. आपल्या राज्याच्या दहावीच्या २०१८च्या पुस्तकात तर पहिल्याच धड्यात हेगेल, रांके आणि मार्क्स हे तीन जर्मन विचारवंत आहेत. पण मुलांच्या डोक्यात जर्मनी म्हणजे एकच नाव उरतं. ते कोणतं, हे मी सांगायची गरज नाही. मला बोलायचं आहे ते त्या नावाच्या आधीच्या आणि नंतरच्या जर्मनीबद्दल.

आधीचा जर्मनी आपल्याला फार जवळचा आहे. १८१५ साली जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखात लहानमोठी ३९ राज्यं होती. प्रत्येकाचा कारभार निराळा, वजनं-मापं निराळी, नाके निराळे. १८३३ साली एखादा व्यापारी हांबुर्गहून न्यूरेंबर्गला माल घेऊन निघाला, तर त्याला वाटेत ११ नाके लागत आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे ५ टक्के जकात भरावी लागे. मी फळ्यावर गणित घालायचो. १०० रुपयांचा माल, ११ नाके, दरवेळी ५ टक्के. साधी बेरीज केली तर माल १५५ रुपयांना पडतो. दर नाक्यावर वाढलेल्या किमतीवर जकात धरली तर तोच १७१ रुपयांना. हिशेब मांडून झाला की एखादं पोर हमखास म्हणायचं, "सर, मग तो व्यापार कशाला करील?"

हाच प्रश्न तिथल्या लोकांनाही पडला होता. १ जानेवारी १८३४ला प्रशियाच्या पुढाकारानं बऱ्याच जर्मन राज्यांचा एक जकातसंघ सुरू झाला. जर्मन भाषेत त्याला 'त्सोलफेराइन' म्हणतात. आतले नाके उठले आणि तिसाहून जास्त चलनांची दोन झाली. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८ जानेवारी १८७१ला, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. बिस्मार्कच्या लढाया मुलांना पाठ असतात, परीक्षेत त्याच येतात. पण लढायांच्या आधी बाजार एक झाला होता, ही गोष्ट कनेरगाव नाक्याच्या मुलाला एका तासात कळते. पुण्या-मुंबईच्या मुलाला ती कदाचित समजावून सांगावी लागेल.

आता त्या नावाकडे वळू. आपल्याकडे कडक शिक्षकाला, खाष्ट सासऱ्याला गमतीनं 'हिटलर' म्हणतात. गंमत तेवढ्यावर थांबली असती तर तक्रार नव्हती. पण दहावी-बारावीची मुलं गंभीरपणे म्हणतात, "सर, आपल्यालाही असाच एक पाहिजे. शिस्त आणली त्यानं, रस्ते बांधले." त्याच्या आत्मचरित्राची भाषांतरं आपल्याकडे आजही विकली जातात. अशा वेळी मुलांवर डाफरून काही होत नाही. त्यांच्यासमोर आकडे आणि तारखा ठेवाव्या लागतात.

रस्त्यांचंच घ्या. कोलोन ते बॉन हा मोटारींसाठीचा खास मार्ग ऑगस्ट १९३२मध्ये खुला झाला, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याआधी. तो खुला केला कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी. नाझींनी पुढे त्यांना पदावरून काढलं, आणि १९४९ साली तेच पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. आता मतं पाहू. १९२८च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती. मग जागतिक मंदी आली, लाखो लोक बेकार झाले. १९३०मध्ये मतं १८.३ टक्के झाली आणि जुलै १९३२मध्ये ३७.३. नोव्हेंबर १९३२मध्ये ती ३३.१ टक्क्यांवर उतरली. म्हणजे मुक्त निवडणुकीत निम्म्याहून अधिक जर्मनांनी त्याला कधीच मत दिलं नाही. तरी ३० जानेवारी १९३३ला तो चॅन्सेलर झाला, आणि जुलैच्या मध्यापर्यंत देशात दुसरा कोणताही पक्ष कायदेशीर उरला नाही. त्या 'शिस्ती'ची किंमत पुढच्या १२ वर्षांत जगानं मोजली. त्यात ६० लाख ज्यूंची कत्तल होती. हे आकडे फळ्यावर लिहून मी मुलांना एकच विचारायचो : थांबवता आलं असतं ते कोणत्या वर्षी? वर्गात वाद व्हायचा, आणि मला तेच हवं असायचं.

याच जागी मी एका मराठी बाईंची गोष्ट सांगतो. 'युगान्त'मुळे आपल्याला माहीत असलेल्या इरावती कर्वे १९२८ साली पुण्याहून बर्लिनला गेल्या. तिथल्या काइझर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत त्या ऑयगेन फिशर या नामवंत प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. फिशरची धारणा अशी, की युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते आणि त्याच्या वरचढ बुद्धीचा या गोष्टीशी संबंध असतो. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष निघाला तो मार्गदर्शकाच्या विरुद्ध : वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध नाही. पंचविशीही न गाठलेली मुलगी, परका देश, परकी भाषा, आणि पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच समोर बसून तिनं हे लिहिलं. १९३३ साली हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि वंशशुद्धीच्या राजकारणाला त्यांच्या शास्त्राचा टेकू मिळाला. फिशरची ती धारणा मोजमापाच्या कसोटीला टिकत नव्हती, हे एका मराठी संशोधिकेच्या प्रबंधातून दिसतं. परीक्षेला ही गोष्ट कोणी विचारणार नाही. पण ऐकल्यावर मुलं 'शिस्ती'बद्दल बोलताना जरा थांबतात.

आता नंतरचा जर्मनी. १९४५ साली युद्ध संपलं तिथं आपला धडाही संपतो. खरं तर शिक्षकानं शिकवण्यासारखं पुष्कळसं तिथून पुढे सुरू होतं. एका देशातल्या साध्या, शिकलेल्या, कुटुंबवत्सल माणसांनी एवढा मोठा गुन्हा केला किंवा होऊ दिला. त्यांच्या मुलांनी शाळेत काय शिकायचं?

सुरुवातीला फारसं काही शिकवलं गेलं नाही. पश्चिम जर्मनीत बरेच शिक्षक अलीकडच्या इतिहासापर्यंत पोचतच नसत, कारण वर्गासमोर उभे असलेले कित्येक जण स्वतः त्या काळात नोकरीत होते. पूर्व जर्मनीतलं सरकार म्हणे, नाझी म्हणजे त्या पश्चिमवाल्यांचं पाप, आमचा संबंध नाही. १९५९च्या नाताळात कोलोनच्या ज्यू प्रार्थनामंदिरावर स्वस्तिकं फासली गेली, तेव्हा पश्चिमेकडे खळबळ उडाली आणि शाळेत हा काळ नीट शिकवला पाहिजे असं ठरलं. १९६३ ते १९६५ या काळात फ्रांकफुर्टला आउशवित्झच्या छळछावणीतल्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. मुलं घरी जाऊन बापाला विचारू लागली, तुम्ही तेव्हा कुठे होतात? ७ डिसेंबर १९७० रोजी चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्साच्या ज्यू स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. स्वतः ब्रांट नाझींचे विरोधक, त्या काळात देश सोडून गेलेले. तरी गुडघे त्यांनी टेकले. देशात अनेकांना ते रुचलं नाही. १९८५ साली ८ मे रोजी राष्ट्राध्यक्ष व्हाइत्सेकर यांनी संसदेत सांगितलं, की तो पराभवाचा दिवस आपल्यासाठीही मुक्तीचा दिवस होता. एवढं म्हणायला ४० वर्षं लागली.

शिक्षकांनीही आपल्यापुरता एक मार्ग शोधला. १९७६ साली बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, स्टुटगार्टजवळ द्राक्षमळ्यांत वसलेल्या बॉइटल्सबाख या लहानशा गावी नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांची बैठक झाली. तिच्यातून तीन नियम पुढे आले. पहिला, शिक्षकानं आपलं मत मुलांवर लादू नये, त्यांना भारावून टाकून आपल्या बाजूला ओढू नये. दुसरा, समाजात आणि अभ्यासकांत ज्यावर वाद आहे ते वर्गातही वाद म्हणूनच मांडावं. तिसरा, मुलाला आपली परिस्थिती आणि आपलं हित ओळखून त्यात भाग घेता आला पाहिजे. नीट लक्षात घ्या, याचा अर्थ खऱ्याखोट्याला सारखं माप असा नाही. कत्तल झाली की नाही, हा वादाचा विषय नाही. ती का झाली, कोणी थांबवू शकलं असतं का, यावर मात्र मुलांनी भांडावं.

हे नियम वाचायला सोपे वाटतात. ते आपल्या अंगणात लावून बघितले, की किती अवघड आहेत ते समजतं.

कनेरगाव नाक्याच्या मुलांना मराठवाडा मुक्तिसंग्राम माहीत असतो. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांची नावं घेतली जातात. रझाकारांचे अत्याचार, वऱ्हाडच्या हद्दीत उमरखेडसारख्या ठिकाणी उभारलेले कार्यकर्त्यांचे कॅम्प, करोडगिरीच्या नाक्यांवरचे हल्ले, हे सगळं अभिमानानं सांगितलं जातं, आणि तसं ते सांगितलंच पाहिजे. पण धडा तिथं संपत नाही. ऑगस्ट १९४८मधल्या एका रात्री शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला रझाकारांनी हैदराबादेत ठार मारलं. त्याचा गुन्हा एवढाच, की 'इमरोज' या उर्दू दैनिकात तो संस्थान भारतात विलीन करा असं लिहीत होता. हे नाव मी वर्गात घेतलं की मागच्या बाकावरची काही मुलं मान वर करून बघायची. आणि पोलीस ॲक्शननंतर काय झालं? गावोगाव निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं बळींचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान धरला. तो अहवाल कित्येक वर्षं प्रसिद्ध झाला नाही. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत.

हे वर्गात सांगावं का? पोरांच्या मनात विष कालवताय, असं म्हणणारे पालक मला भेटले, दोन्ही बाजूंचे भेटले. त्यांना मी जर्मनीचं उदाहरण द्यायचो. अमुक धर्माचे लोक वाईट, असं मी शिकवत नाही. अमुक वर्षी, अमुक ठिकाणी, माणसं असं का वागली, एवढं विचारायला शिकवतो. रझाकारांचे अत्याचार सांगून थांबलो तर अर्धा इतिहास होतो, आणि नंतरच्या कत्तली तेवढ्या सांगितल्या तरी अर्धाच. घराघरात अर्धा-अर्धा इतिहास कुजबुजत सांगितला जातोच. तो पूर्ण करून, उजेडात सांगण्याची एकच जागा गावात असते आणि ती म्हणजे शाळा. जर्मनीनं आपला इतिहास स्वच्छ केला, असं नाही. तसा तो होतही नाही. पण त्यांनी तो शाळेत आणला, आणि जगात त्या देशाची पत त्यामुळे कमी झाली नाही.

शेवटी पुन्हा हद्दीकडे येऊ. जर्मनीत बव्हेरिया आणि थुरिंगिया या दोन राज्यांच्या सीमेवर म्योडलारॉइट नावाचं ५० वस्तीचं खेडं आहे. गावाच्या मधून एक ओढा वाहतो. युद्धानंतर ओढ्याच्या अलीकडचं गाव अमेरिकेच्या वाट्याला आलं आणि पलीकडचं रशियाच्या. आधी कुंपण आलं आणि १९६६ साली चक्क काँक्रीटची भिंत. बर्लिनसारखीच, म्हणून गावाला 'छोटं बर्लिन' म्हणत. समोरच्या नातेवाइकाला हात हलवून खूण करायचीही पूर्वेकडच्यांना बंदी होती. ९ नोव्हेंबर १९८९ला बर्लिनची भिंत उघडली आणि पुढच्याच महिन्यात या खेड्यातूनही वाट मोकळी झाली. ३ ऑक्टोबर १९९०ला देश एक झाला. पण ओढ्याच्या दोन्ही बाजू आजही दोन वेगळ्या राज्यांत आहेत. पिनकोड वेगळे, प्रशासन वेगळं, नमस्कार करायची पद्धतही वेगळी. भिंत पडली तरी 'डोक्यातली भिंत' उरली, असं जर्मन लोक स्वतःच म्हणतात. पूर्वेला वर आणण्यासाठी १९९१ साली तिथं एक खास अधिभार बसवण्यात आला. त्यावरून पश्चिमेकडचे कुरकुरले, आणि आम्हाला कमी लेखतात म्हणून पूर्वेकडचे.

हे ऐकताना मराठवाडा आणि विदर्भ आठवला ना? मुलांनाही आठवतो. निजामाचं राज्य गेलं, १९५६मध्ये दोन्ही भाग मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. तरी अनुशेष, नोकऱ्या आणि पाणी यांची भांडणं जुन्या हद्दीवरूनच चालतात. १९९४ साली विकास मंडळं आली, २०२०मध्ये त्यांची मुदत संपली. मुलं विचारतात, "सर, नाका उठला मग हे का उरलं?" या प्रश्नाचं तयार उत्तर माझ्याकडे नाही आणि पुस्तकातही नाही. पण तो प्रश्न मुलानं स्वतः विचारला, तर त्या तासाचं सार्थक झालं असं मी मानतो.

हे सारं आता पुस्तकापुरतं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनानं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि तरुणांना जर्मन भाषा शिकवण्याची योजना आखली. उद्या हिंगोलीचा एखादा वायरमन, वाशीमची एखादी नर्स स्टुटगार्टच्या बसमध्ये बसलेली असेल. तिथं १९६१च्या करारानंतर कामासाठी आलेल्या तुर्की कामगारांची तिसरी-चौथी पिढी शेजारी असेल. आपल्या मुलानं तिथं कौतुकानं हिटलरचं नाव काढलं, तर समोरचा माणूस गप्प होईल आणि आपल्या मुलाला कारणही कळणार नाही. भाषा चार-सहा महिन्यांत कामापुरती येते. समाज समजायला शाळेपासून सुरुवात करावी लागते.

त्यासाठी मोठा प्रकल्प नको, प्रोजेक्टरही नको. शिक्षकांनी एक करावं : गावच्या नावापासून, हद्दीपासून, घरातल्या एखाद्या जुन्या नाण्यापासून तास सुरू करावा. पालकांनी एक करावं : मुलानं आजी-आजोबांच्या काळाबद्दल विचारलं, तर "कशाला जुनं उकरतोस?" असं म्हणू नये. त्याला माहीत असेल ते सांगावं, आणि शेजारच्या घरी काय सांगतात तेही ऐकून ये म्हणावं.